पानं एकाची, बोंड दुसऱ्याचं

१२ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अख्खी सकाळ गेली. तपासून झाल्यावर त्यांनी ह्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत थांबवून घेतलं. म्हणाले, नजरेचा मधला भाग गेला तो गेला, आता कडेकडेचं दिसतं तेवढंच राहील. थेंब घालत राहा आणि मुख्य म्हणजे त्यांचं मन जपा. मन जपायचे थेंब कुठले, ते मात्र लिहून दिलं नाही.

बाहेर आले तर हे मान उंच करून बसलेले. "काय म्हणाले?"

"काही नाही. थेंब कधी घालायचे ते सांगत होते."

"त्याला एवढा वेळ?"

"त्यांना बोलायची हौस आहे," मी म्हटलं. घरी येईपर्यंत पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.

ज्या माणसाने जन्मभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मॉसच्या पानांतल्या पेशी तपासल्या, त्याला माझा चेहरा आता मधोमध डाग आणि भोवती केस असा दिसतो. केस पांढरे झालेत ते तरी दिसतं का, असं मी विचारलं. म्हणाले, तेवढंच नेमकं दिसतं.

१५ फेब्रुवारी

संचालकांनी आज परत यादीचं काढलं. संग्रहालयातली मॉसची कपाटं नव्या मांडणीप्रमाणे लावायची आहेत. त्याआधी कुळं, त्यांच्या पोटातल्या प्रजाती आणि प्रजातींच्या पोटातल्या जाती यांची पक्की यादी एप्रिलअखेर छापायला जायची आहे. यादी करणार मी, कारण मॉस ओळखणारं इथे दुसरं कुणी उरलेलं नाही. जे होते ते घरी बसून रेडिओशी भांडतात.

लोकांना वाटतं, ओल्या भिंतीवरचं हिरवं ते सगळं शेवाळ आणि शेवाळ म्हणजे घसरून पडायची सोय. आमचं काम त्या हिरव्याची घरं लावून द्यायचं. आधी बोंड बघायचं, म्हणजे बीजाणूंची डबी. त्याचा देठ रोपाच्या शेंड्यातून निघालाय की बाजूने? बोंडाचं झाकण उडालं की तोंडाभोवती दात दिसतात. ते एका रांगेत आहेत, दोन रांगांत आहेत, की मुळात नाहीतच? एवढ्यावर कुळाचा अंदाज येतो. मग पानाकडे वळायचं. मधली शीर आहे का, पेशी लांबट की चौकोनी, यावरून प्रजातीपर्यंत पोचता येतं. उरल्यासुरल्या बारकाव्यांवरून जात ठरते, आणि त्यावरूनच भांडणं होतात. आमच्या लग्नानंतरचं पहिलं भांडण एका पानाच्या काठाला दातरे आहेत की नाहीत यावरून झालं. माझे सासरे दोन दिवस समजत होते की सुनेचं दातांचं काहीतरी दुखणं आहे.

अजून निम्मी कपाटंही झालेली नाहीत. पाठ धरलीय.

१९ फेब्रुवारी

आज ह्यांची प्रजाती तपासायला घेतली.

ह्यांच्या नावावर जगात एकच प्रजाती आहे. तिच्यात एकच जात, आणि तिचा नमुनाही एकच. ह्यांनी तरुणपणी एका घळीतल्या ओल्या खडकावरून खरवडून आणलेली मॉसची मूठभर गादी. कागदाच्या पुडीत वाळवून ठेवलेली आहे. पानं एका कुळाची वाटतात आणि बोंडं भलत्याच कुळाची. असं दोन्ही एका अंगावर कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ती नवी प्रजाती ठरली. पुस्तकांतून तिच्यापुढे 'अतिदुर्मिळ' असं छापतात. तो शब्द उच्चारताना ह्यांचा आवाज बदलतो, मी पाहिलंय.

एक काडी कोमट पाण्यात टाकली. वाळलेलं मॉस पाणी लागताच उलगडतं, ते बघायला मला अजूनही आवडतं. बोंडाचा देठ कुठून निघतो एवढंच मला टिपून ठेवायचं होतं. सुईने पानं बाजूला करत देठाच्या मागे मागे खाली गेले. देठ त्या पानांच्या फांदीला लागलाच नाही. तिला वळसा घालून तो खाली उतरला आणि बुडाशी एका दुसऱ्याच रोपट्याला जाऊन मिळाला. तिळाएवढं रोपटं, चार पानांचं. बोंड ज्या कुळाचं, पानंही अगदी त्याच कुळाची. मी दुसरी काडी घेतली, तेच. मग आणखी घेतल्या आणि मग पुरे केलं, कारण मूळ नमुना आहे, उगाच किती विसकटायचा.

म्हणजे एकाच गादीत दोन मॉस एकमेकांत गुंतून वाढली होती. दोन्ही साधी, कुठल्याही ओल्या पायरीवर सापडतील अशी. लहान होतं ते मोठ्याच्या पोटात दडलं आणि फक्त बोंडं बाहेर काढून बसलं. ह्यांनी एकाची पानं आणि दुसऱ्याचं बोंड धरून तिसरंच झाड उभं केलं. आमच्या धंद्यात ही चूक होते, नाही असं नाही. पण ती दुसऱ्यांची होते.

दर वर्षी सुटीत आम्ही त्या घळीत जायचो, ती पुन्हा सापडावी म्हणून. लोक समुद्र बघायला जायचे आणि आम्ही पोटावर झोपून खडक बघायचो. माझे गुडघे तिथेच कामातून गेले. आणि जे शोधत होतो ते मुळात नव्हतंच.

२० फेब्रुवारी

असं काही सापडलं की आजवर मी धावत जाऊन ह्यांनाच सांगितलंय. आता त्यांच्यापासूनच लपवायचं, तर सांगू कुणाला? म्हणून वहीलाच सांगते. त्यांच्यासमोर टेबलाशी बसूनच लिहिते. त्यांना काही वाचता येत नाही याचा फायदा घेते आहे, हे कळतंय मला.

"काय खरडतेस?"

"यादीचं काम."

"बरीच लांब यादी दिसते."

डॉक्टर म्हणाले, मन जपा. डोळे गेले, काम गेलं, फिरणं गेलं. राहिली होती ती एक प्रजाती, ती मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?

२८ फेब्रुवारी

चहाच्या वेळी ह्यांनी विषय काढला. नव्या मांडणीत दोन कुळं एकत्र केली आहेत ते साफ चूक आहे, दात बघा म्हणावं, दात, असं त्यांचं चाललं होतं. माझं मत अगदी उलट आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. एरवी मी तावातावाने उठले असते. पण अंगात त्राण नव्हतं, आणि मन जपायचं होतं.

"असेल," मी म्हटलं. "तुमचं बरोबर असेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "माझं बरोबर असेल?"

"हो."

मग पुढे वादच घातला नाही. त्यांना बरं वाटलं असावं. संध्याकाळी मी त्यांच्या आवडीचं तळण केलं, डॉक्टरांनी तेलकट कमी सांगितलंय तरी. तेही निमूटपणे खाल्लं. मीठ कमी आहे, असं एकदाही म्हणाले नाहीत.

६ मार्च

ह्यांचं काय चाललंय कळत नाही. आज घरी आल्या आल्या माझा हात धरून जिन्याखाली नेलं आणि चाचपत चाचपत पाण्याचा मुख्य नळ दाखवला. कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, ते तीनतीनदा करायला लावलं. मग वर येऊन विजेचा फ्यूज.

"हे सगळं तुम्ही करता की," मी म्हटलं. "मला कशाला?"

"तुला एकटीला यायला हवं."

दिसत नाही म्हणून माणूस आपला उपयोग दाखवायला बघतो, हे मी समजू शकते. पण दिवसभर उभं राहून आल्यावर जिन्याखाली वाकायचं म्हणजे जिवावर येतं. तरी कुरकुर केली नाही. हल्ली मी त्यांच्यापुढे कुरकुर करतच नाही, ती सगळी इथे येते.

११ मार्च

दुपारी म्हणाले, "माझा तो लेख वाचून दाखव. प्रजातीचा. परत एकदा ऐकावासा वाटतो."

 लेख काढला आणि वाचायला लागले. त्यात एक वाक्य आहे, 'बोंडाचा देठ पानांच्या फांदीच्या शेंड्यातून निघतो, हे स्पष्ट दिसते.' ते माझ्या तोंडून निघेना. स्पष्ट दिसते म्हणे. मी ते गाळलं आणि सरळ पुढचं वाक्य घेतलं.

हे डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "दमलीस?"

"नाही. का?"

"काही नाही. छान वाचलंस."

काही लक्षात आलं नाही, देवाची कृपा.

१७ मार्च

नणंद आली आहे. ह्यांनीच फोन करून बोलावून घेतलं, मला न विचारता. बहीणभावंडांत कित्येक वर्षं धड बोलणं नव्हतं. कारण काय होतं ते आता दोघांनाही नीट सांगता येत नाही. आणि आज हातात हात घेऊन बसलेत. चांगलं आहे, पण माझ्यामागे आणखी एका माणसाचं करणं आलं.

ती स्वयंपाकघरात मदतीला आली आणि कांदा चिरताना रडायला लागली. रडतच राहिली. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

"वहिनी," म्हणाली, "तुम्ही किती धीराच्या आहात. चेहऱ्यावर काही दाखवत नाही."

"दाखवून काय होणार, वन्सं? आहे ते आहे."

"दादाला वाटतं, त्याला काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं."

"त्यांना दिसत नाही, एवढं मला ठाऊक आहे," मी म्हटलं. तिने मला मिठीच मारली. माझे हात पिठाचे होते. डोळ्यांच्या दुखण्याचा लोकांनी इतका बाऊ करू नये.

२५ मार्च

संचालक ह्यांना भेटायला घरी आले. ह्यांनी कपाटातून आपलं खिशात बाळगायचं भिंग काढून त्यांच्या हातावर ठेवलं. लग्नात मी दिलेलं भिंग. कुणी हात लावला तर खेकसायचे.

"राहू द्या तुमच्याकडे," म्हणाले. "आणि यादी संपली की हिला सुटी द्या थोडी. तिला लागेल."

संचालक माझ्याकडे बघायला लागले.  ते गेल्यावर मी आत जाऊन जरा रडले. मला न विचारता देऊन टाकलं, याचं वाईट वाटलं.

४ एप्रिल

आज यादीत ह्यांच्या प्रजातीच्या कुळाचं पान आलं आणि मी ती होती तशी लिहून टाकली. प्रजाती एक, जात एक, अतिदुर्मिळ. वाटलं होतं, जड जाईल. नाही गेलं, वरच्या ओळीसारखीच ती एक ओळ. लिहून झाल्यावर मात्र आजचं बाकीचं काम नीट होईना. प्रत्येक नावापाशी वाटायचं, हे तरी खरं आहे का, की इथेही कुणी कुणाचं मन जपलंय?

नवी पोरं ही यादी घेऊन घळीत जातील, पोटावर झोपतील आणि शोधत बसतील.

१४ एप्रिल

मन खातं म्हणून संचालकांना घरूनच फोन केला. त्या नमुन्याबद्दल मला शंका आहे, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, तुमच्या घरातला विषय आहे, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, "हे आहेत तोवर राहू दे. नंतर मी स्वतः सगळं आवरीन."

फोन ठेवून वळले तर हे दारात, चौकटीला धरून उभे.

 वाटलं, ऐकलं यांनी, आता प्रजातीचं विचारणार. पण त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?" म्हणजे नाही ऐकलं.

जेवले मात्र काहीच नाहीत.

१९ एप्रिल

रविवार. जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाले, "बस इथे. हात पूस आणि बस." मी बसले. "मला आता खरं सांग. किती वेळ आहे?"

"कशाला वेळ?"

"माझ्याकडे. डॉक्टरांनी तुला आत थांबवून काय सांगितलं? महिने आहेत की तेवढेही नाहीत?"

मला खरंच कळेना. मी म्हटलं, "कसले महिने?"

"अगं, किती फसवशील?" त्यांचा आवाज चढला. "त्या दिवसापासून तू माझ्याशी भांडलेली नाहीस. एकदाही नाही. दोन कुळं एकत्र केली ते चूक, असं मी म्हणालो आणि तू म्हणालीस, तुमचं बरोबर असेल. तेव्हाच मी समजलो. तळण घालतेस. लेख वाचताना वाक्यं गाळतेस, म्हटलं, रडू येत असेल. परवा फोनवर सांगत होतीस, हे आहेत तोवर. मी काय दगड आहे? बहिणीला बोलावून घेतलं, तुला नळ दाखवला, भिंग देऊन टाकलं. तयारी करतोय मी मरायची आणि तू विचारतेस कसले महिने?"

मी कपाळाला हात लावला. नणंदेचं रडणं, संचालकांचं बघणं, सगळं एकदम लक्षात आलं. गेले इतके दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून मरत होता आणि मी त्याला थेंब घालत होते.

मग सांगून टाकलं. आधी डॉक्टरांचं. ते म्हणाले, "दिसत नाही ते मलाच आधी दिसलंय की, त्यात लपवायचं काय?" मग प्रजातीचं सांगितलं. कोमट पाणी, सुई, वळसा घालून गेलेला देठ, तिळाएवढं रोपटं. एक वाक्य झालं की मी थांबत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता आणि दुसरीकडे बघवत नव्हतं.

पहिल्यांदा ते हसले. "एवढंच?" म्हणाले. "एवढंच होय?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मलाही हसू आलं. मग ते हसायचे थांबले आणि बराच वेळ टेबलाच्या काठावरून हात फिरवत राहिले.

"नाहीच का मग ती?"

"नाही."

"सगळ्या काड्या बघितल्यास?"

"बघायच्या तेवढ्या बघितल्या."

"हं." नंतर म्हणाले, "वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू." त्यांनी ओठ आवळून घेतले. मी हात धरायला गेले तर तो काढून घेतला.

"प्रजाती गेली तर गेली," म्हणाले. "पण मी तुझ्या डोळ्यांनी बघत होतो. पत्रं, पेपर, औषधाच्या बाटलीवरचं, सगळं तू वाचशील ते खरं. आता सांग, आणखी काय काय गाळलंस?"

मी म्हटलं, "एवढंच. दुसरं काही नाही."

"बरं," म्हणाले. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

२१ एप्रिल

यादीतली ओळ खोडली. त्याऐवजी कोणतं वाक्य जाईल, ते ह्यांनी सांगितलं: मूळ नमुना दोन जातींचं मिश्रण आहे, सबब प्रजाती रद्द. मी म्हटलं, 'सबब' कशाला, कचेरीत आहोत का? ते म्हणाले, माझी प्रजाती, मी हवं ते म्हणेन. मग त्या तिळाएवढ्या रोपट्याची जात कोणती यावरून जुंपली. मी सांगते तीच आहे, पण ह्यांनी न बघता दुसरी ठरवली आणि ओरडून ओरडून ठरवली. समोरच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक ना. मी कामावर असते तेव्हा त्याच ह्यांच्याकडे लक्ष ठेवतात.

नणंदेला फोन करून खरं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मी उगाच रडले?" मग परत रडली.

दमले आहे, पण हे दमणं निराळं आहे.

२९ एप्रिल

छापखान्यातून कच्ची पानं आली. ह्यांनी आधी तेच पान मागितलं. मी वाचलं: 'मूळ नमुना दोन जातींचं मिश्रण आहे, सबब प्रजाती रद्द.'

"परत वाच."

परत वाचलं.

"समोरच्या बाईंना बोलाव जरा."

मला वाटलं, काही काम असेल. त्या आल्या, ओल्या हातांनीच. ह्यांनी पान त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "ही ओळ वाचता का? बोट ठेवलंय तिथली." बोट भलतीकडेच होतं. मी ते उचलून योग्य ओळीवर ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. बाईंनी अडखळत वाचलं. त्यांना मॉस ठाऊक नाही, मिश्रण ठाऊक नाही. अक्षर अन् अक्षर तेच निघालं. हे मान तिरकी करून ऐकत होते, पूर्वी सूक्ष्मदर्शकाशी बसायचे तसे.

"बरोबर आहे," म्हणाले. बाई माझ्याकडे एकदा बघून गेल्या.

मी तिथेच उभी होते. कान तापले होते.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"हं," म्हणाले. मग टेबलावर चाचपून पुढचं पान शोधलं आणि माझ्याकडे सरकवलं.